तीन गाठींचा ढीग

बातमी आली तेव्हा माझ्यात सुई टोचलेली होती.

बुधवार होता, इतर कुठल्याही बुधवारसारखा. प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीत, एका लहान गोल डबीत मी बसलो होतो आणि लॅब सांभाळणारी ताई तबकडीवरचा काटा वाचत होती. सकाळी प्लांटवर खडी-डांबराच्या मिश्रणाचा, चाचणीचा एक घाणा काढला होता. त्यातली खडी धुऊन वेगळी केल्यावर उरलेलं डांबर म्हणजे डबीतला मी. सुई डांबरावर टेकवायची, पाच सेकंद सोडायची आणि ती किती घरं आत शिरली ते वाचायचं. जितकी खोल जाईल तितकं डांबर मऊ. ताईला तिशीच्या वरचा आकडा हवा होता. काटा अठरावर थांबला होता.

तिने सुई पुसली, डबीत दुसऱ्या जागी टेकवली. सतरा. दोन्ही आकडे कच्च्या वहीत लिहून तिने पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तिसऱ्यांदा सुई माझ्यात सोडली आणि फोन वाजला.

पलीकडून तिचा भाऊ बोलत होता. "ताई, बाबा गेले."

"कधी?"

"आत्ताच. मी खाली औषध आणायला गेलो होतो गं."

ती "बरं" म्हणाली. मग "निघते" म्हणाली. दाराला कुलूप लावलं, पुन्हा उघडलं, पाण्याच्या टाकीचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. मी डबीतच राहिलो. पाच दिवस.

मी एक रस्ता आहे. निदान होतो. सध्या ढीग आहे. रस्त्याचा ढीग आणि ढिगाचा रस्ता, हा फेरा माझा तीनदा होऊन गेलाय. डबीत घातलेला चिमूटभर मी आणि बाहेर यार्डात पत्र्याच्या भिंतीला टेकून पडलेला वीसेक डंपर मी, दोन्ही एकच. तुमचं कापलेलं नख तुम्हाला दुखत नाही. माझं तसं नाही. माझा कण जिथे जिथे आहे तिथलं सगळं मला कळतं. फक्त सांगता येत नाही.

मी दोन ठिकाणांहून आलो. खडी आली ती टेकडीच्या पोटातून, सुरुंगाच्या आवाजाने दचकून जागी झालेली, अंगावर हात फिरवला तर रक्त काढेल अशा कडांची. डांबर आलं टँकरमधून; काळं, गरम, सारखं वाहू पाहणारं. प्लांटच्या ड्रममध्ये दोघं एकमेकांना जे चिकटले ते आजतागायत सुटले नाहीत. वाहण्याची हौस मात्र तिथेच संपली.

माझा पहिला जन्म एका शाळेसमोरच्या सपाट रस्त्यावर गेला. तेव्हा मी मऊ होतो. कडक उन्हात एखादी बाई माझ्यावर उभी राहिली की तिच्या टाचेची खूण उमटायची आणि संध्याकाळपर्यंत आपोआप बुजायची. बारीक भेग पडली तरी दुपारच्या उन्हात ती सांधून यायची. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं होत असेल. पहिलीत रडत आलेली मुलं दहावीला पोचली, तेव्हा कधीतरी लक्षात आलं की आता भेगा सांधत नाहीत. ऊन आणि हवा यांनी माझ्यातली हलकी तेलं थोडी थोडी करून नेली होती. चोराने घरातून रोज एक भांडं न्यावं, तशी.

बारा वर्षांनी खरवडायचं यंत्र आलं. त्याच्या पोटाखाली दातांचं एक पिंप फिरतं. ते मला ओरबाडत पुढे गेलं आणि मागच्या पट्ट्यावरून मी डंपरमध्ये पडलो. मला वाटलं, सुटलो.

यार्डाच्या दारात भोंगा उभा होता.

भोंगा म्हणजे ताईचे बाबा, यार्डाचे प्रमुख. एवढ्या मोठ्या आवारात, लोडर आणि ड्रमच्या खडखडाटात, या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायचा आणि ती ऐकू जायची. त्यावरून हे नाव पडलं. तोंडावर सगळे काका म्हणायचे. त्याने माझं एक ढेकूळ उचललं, उन्हात धरलं आणि मुठीत दाबलं. ढेकूळ थोडं चेपलं, तळहाताला काळं लागलं. "आहे अजून जीव," असं म्हणत त्याने माझ्यात एक काठी रोवली. काठीला फडकं बांधलं होतं आणि फडक्याला एक गाठ मारलेली होती.

खरवडून आलेल्या प्रत्येक ढिगावर त्याची अशी काठी असे. एकदा खरवडलेल्याला एक गाठ, दोनदाला दोन, तीनदाला तीन. कुठला रस्ता कितव्यांदा आला हे त्याच्या डोक्यात असायचं. कागदावर कधीच नसायचं. ताईने किती वेळा म्हटलं, "बाबा, एक नकाशा काढून लॅबमध्ये लावू या." त्यावर तो म्हणायचा, "यार्डात मी तुझा बाप नाही. यार्डवाले म्हण. आणि नकाशा कशाला? मी मेलोय का?"

एका गाठीचा मी तेव्हा बरा होतो. मला तापवलं, नवं डांबर घातलं, मऊ करणारं तेल घातलं आणि बाजारपेठेत पसरलं. तिथे माझं कौतुक झालं. माल भरलेले ट्रक उभे राहायचे, पण माझ्यावर चाकोऱ्या पडायच्या नाहीत. एक साहेब बुटाची टाच आपटून म्हणाला होता, "बघा, नव्यापेक्षा जुनं घट्ट!" तो घट्टपणा कशाने आला ते मला ठाऊक होतं. पहाटेच्या गारठ्यात अंग आखडायचं आणि पूर्वीसारखं ताणायला गेलं की आतून बारीक आवाज यायचा. नऊ वर्षांत मी वर केसासारख्या भेगांनी भरून गेलो.

पुन्हा दातांचं पिंप. पुन्हा यार्ड. दोन गाठी. या वेळी तेल घातलं ते माझ्या आतपर्यंत पोचलंच नाही. वरचा पापुद्रा तेवढा ओला झाला, गाभा कोरडाच राहिला. खडीचीही धार गेली होती. दर खरवडणीला तिचे कोपरे झिजत होते आणि त्यांची भुकटी होत होती, आणि भुकटी नवं डांबर पाण्यासारखं पिऊन टाकायची. गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर मी जेमतेम पाच वर्षं काढली. त्यानंतर तिसऱ्यांदा यार्डात आलो, साधारण दीड महिन्यापूर्वी.

भोंग्याने त्या दिवशीही ढेकूळ मुठीत घेतलं. दाबल्याबरोबर त्याचा भुगा झाला. तो बराच वेळ तळहाताकडे बघत राहिला. तोवर त्याचंही वय सत्तरीकडे झुकलं होतं. दोनदा निवृत्त करून दोनदा त्याला परत बोलावलं होतं, कारण ढीग दुसऱ्या कोणाला कळत नव्हते.

"काय म्हातारबा," तो मला म्हणाला, "माझ्या गुडघ्यासारखा वाजतोस की. मला दोनदा परत बोलावलं, तुला तीनदा. आपल्याला सोडायला कोणी तयार नाही." त्याने तीन गाठींची काठी माझ्यात रोवली. "थांब. तुला आता वर नाही घालायचं, असं सांगतो त्यांना. खाली कुठेतरी, सावलीत."

ते सांगायच्या आधीच त्याला दवाखान्यात हलवलं.

आता जे सांगतोय, ते पाहणारा मी एकटाच आहे, आणि तो माणूस.

तो माणूस म्हणजे लोडर चालवणारा. अकरा वर्षं भोंग्याच्या हाताखाली काम केलेला. भोंगा हाक मारायचा, बोट दाखवायचा, आणि हा बकेट खाली घालायचा. गाठींचा अर्थ त्याने कधी विचारला नाही, कारण विचारायची वेळच आली नव्हती. भोंगा दवाखान्यात गेल्याच्या तिसऱ्या दिवशी नवीन डंपर येणार होते आणि यार्डात जागा नव्हती. प्लांटचे साहेब फोनवरून म्हणाले, "कोपरा मोकळा कर," आणि काय हलवलं ते बघायला आले नाहीत. लोडरवाल्याने काठ्या काढून बाजूला ठेवल्या, ढीग मागे रेटले, आणि मग काठ्या हातात घेऊन उभा राहिला.

त्याने विचार केला. मला दिसत होता तो विचार करताना. जो ढीग सगळ्यांत आधीपासून पडलाय तो जुना, जो नुकताच आला तो नवा. साधा हिशोब. कोणाही शहाण्या माणसाने तोच केला असता. फक्त इथे नेमकं उलटं होतं. यार्डात सगळ्यांत शेवटी आलेला मी, सगळ्यांत जास्त वेळा खरवडलेला होतो. त्याने माझ्यात एका गाठीची काठी रोवली आणि पलीकडच्या, एकदाच खरवडलेल्या तरण्या ढिगात तीन गाठींची. वर हात झटकून शिट्टी वाजवत गेला.

चढणीच्या रस्त्याचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. चढणीच्या माथ्यावर दवाखाना आहे, भोंगा होता तोच. त्या रस्त्याच्या वरच्या थरात एका गाठीचा माल चाळीस टक्के चालेल, असा अहवाल ताईने आधीच दिला होता. तो अहवाल तरण्या ढिगाचा होता. चाचणीच्या घाण्यासाठी बकेट मात्र माझ्यात पडली.

ताई पाच दिवसांनी आली. सोमवारी सकाळीच. कुलूप उघडलं, डबीतला मी तसाच. कच्ची वही उघडी होती, तिच्यातलं प्रश्नचिन्हही तसंच. ती उभ्यानेच वाचत राहिली. मग दुसऱ्या घाण्यातला नमुना काढून तिने सगळं पुन्हा केलं. अठरा. सतरा. अठरा. त्यानंतर तिने माझी एक पट्टी साच्यात ओतली, थंड झाल्यावर पाण्याच्या टाकीत दोन्ही टोकांना धरून ओढायला लावली. चांगलं डांबर असं ओढलं की त्याची तार होते, हातभर, कधी दोन हात, सोन्याच्या तारेसारखी बारीक. मी बोटभर ताणलो आणि तुटलो. मला लाज वाटली.

साहेब दारात आले. "ये म्हणायला मन होत नव्हतं गं. पण गाड्या उभ्या आहेत. सही तेवढी हवी."

"आकडा येत नाहीये, साहेब."

"त्या दिवशी तुझी मनःस्थिती कशी असणार. सुई इकडेतिकडे झाली असेल."

"फोन नंतर आला. आकडा आधीचा आहे." तिने वही पुढे केली. "आणि आज परत तोच आलाय."

ती यार्डात आली. पुढे ती, मागे साहेब. लोडरवाल्याने इंजिन बंद केलं. तिने आधी त्या ढिगातलं ढेकूळ घेतलं ज्यात तीन गाठींची काठी होती, आणि मुठीत दाबलं. तळहाताला काळं लागलं. मग माझ्यापाशी आली. भोंगा उभा राहायचा अगदी तशीच, एक पाय पुढे टाकून. माझा भुगा झाला. ती काठीकडे बघत राहिली. एक गाठ.

"काठ्या कोणी हलवल्या होत्या का?" तिने लोडरवाल्याला विचारलं.

"मी तर काठी बघूनच माल उचलतो, ताई," तो म्हणाला.

शब्दन् शब्द खरा होता. मी केवढा ओरडलो असेन, त्या ड्रमपेक्षा मोठ्याने. पण माझं ओरडणं म्हणजे दोन खडे घरंगळून खाली आले एवढंच.

"मग काठ्या रोवल्या कोणी?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या बाबांनीच ना? बिचारे आजारी होते, लक्ष नसेल. होतं असं."

"बाबांचा ढीग कधी चुकला नाही."

"मला माहीत नाही का? अगं, त्यांच्या फोटोखाली तेच लिहायचं ठरवलंय आपण. एकतीस वर्षांत एक ढीग इकडचा तिकडे झाला नाही. फ्रेम तयार आहे ऑफिसात." साहेबांनी घाम पुसला. ते दुष्ट नव्हते. अडकले होते, माझ्यासारखेच. "हे बघ. सही कर, काम सुरू होऊ दे. पहिली दोन वर्षं रस्ता टणक राहील, कोणी बोट दाखवणार नाही. थांबवायचं असेल तर थांबवू. पण थांबवण्याच्या कागदावर कारण लागतं आणि कोणामुळे तेही लागतं. तिथे मी काय लिहू?"

भुग्याचा हात ताईने अजून पुसला नव्हता.

त्या दोन वर्षांनंतरचं मला माहीत होतं. चढणीवर गाड्या ब्रेक लावतात, खालच्या गिअरमध्ये घोंघावत चढतात. तिथे ताण सपाटीपेक्षा कितीतरी जास्त. मी आधी केसासारखा तडकेन, मग जाळीसारखा. भेगेतून पाणी शिरेल. मग खड्डे. आणि त्या खड्ड्यांवरून दवाखान्याची गाडी आत माणूस घेऊन जाईल. तिलाही हे माहीत होतं. आठ दिवस रोज ती त्याच चढणीने वर गेली होती.

"कागद द्या," ती म्हणाली.

लोडरच्या बॉनेटवर ठेवूनच तिने तो भरला. काम थांबवण्याचं कारण: ढिगावरची खूण चुकीची. जबाबदार: यार्डप्रमुख. नाव लिहायच्या रकान्यात तिने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. लिहिताना अक्षर कुठेही हललं नाही. खाली सही केली. कागद साहेबांच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "ते असते तर त्यांनीच थांबवलं असतं."

ती लॅबकडे गेली. साहेब फोनवर गाड्या परत पाठवू लागले. लोडरवाला तिथेच उभा होता, माझ्याकडे तोंड करून. त्याचे ओठ हलले. हातातली नोकरी कंत्राटाची, घरी दोन लहान पोरं. ते मला कळत नाही असं नाही. तो स्वतःशीच पुटपुटला, "काकांना आता कोण काढून टाकणार आहे." आणि लोडरच्या चाकाला टेकून खाली बसला. भोंग्याने त्याला लोडर शिकवला होता. पहिल्या दिवशी याने बकेट पत्र्याच्या भिंतीत घातली होती, तेव्हा भोंगा साहेबांना म्हणाला होता, "माझा धक्का लागला त्याला." हे मी पाहिलेलं नाही. तोच कोणाला तरी सांगत होता, एकदा डबा खाताना, हसत हसत.

चढणीचं काम आठवड्याने सुरू झालं, तरण्या ढिगाच्या मालाने. रस्ता चांगला झालाय म्हणतात.

माझ्यावर आता ताडपत्री आहे. ताईने माझ्यावर पाटी लावलीय: वरच्या थरात वापरू नये. मग कुठे वापरावं, हे अजून ठरलेलं नाही. कोणी म्हणतं गोदामाच्या अंगणाखाली भरा, कोणी म्हणतं पडू दे तसाच. मला फेकून देता येत नाही आणि मला उपयोगाला घेता येत नाही. ताडपत्रीखाली गरम होतं, पण इतकं नाही की मी वाहावं. मी घट्ट होत चाललोय, रोज थोडा.

यार्डात नवीन माणूस आलाय. त्याच्याकडे नकाशा आहे, रंगीत, प्लास्टिकमध्ये घातलेला. ताईनेच काढून दिला. फोटोची फ्रेम ऑफिसात कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलीय म्हणे. खालची ओळ खोडून दुसरी काय लिहायची यावर एकदा चर्चा झाली, मग विषय मागे पडला. ताई पूर्वीसारखी वेळेवर येते. पूर्वीइतकंच बोलते. फक्त नमुना घ्यायला यार्डात आली की कुठल्याही ढेकळाला हाताने दाबून बघत नाही. फावड्याने पिशवीत भरते आणि जाते.

तुम्ही माझ्यासारख्यांवरून गाडी चालवता, तेव्हा खाली बघत नाही. बघावंच असं काही नाही. पण एक विनंती आहे. ज्या कोणाला तोंड आहे आणि काही ठाऊक आहे, त्याने ते घट्ट व्हायच्या आत बाहेर काढावं. नंतर तेल ओतूनही आतपर्यंत पोचत नाही, हे मी तीन जन्म भोगून सांगतोय.

काल लोडरवाला नमुन्याची पिशवी घेऊन लॅबच्या दारात उभा राहिला. पिशवी माझीच होती, म्हणून मला ऐकू आलं. ताईने वर बघितलं. "काही सांगायचंय का?"

"नाही ताई. हे ठेवायला आलो होतो."

"ठेव तिथे."

त्याने पिशवी ठेवली. थोडा वेळ उभा राहिला. तिची खुर्ची डुगडुगते का, विचारलं. ती नाही म्हणाली. मग तो गेला.

काठ्या त्याने हलवल्या होत्या, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.